पुत्तलमचे मुहाजिर

श्रीलंकेतील यादवी म्हणजे सिंहली-तमिळ झगडा, एवढेच आपल्याकडे छापून येत राहिले. तमिळ बोलणारा मुसलमान त्यात कुठे बसतच नव्हता. ऑक्टोबर 1990 मध्ये 'लिट्टे'ने उत्तर प्रांतातील सुमारे 75 हजार मुसलमानांना हाकलून दिले. जाफन्यात 30 ऑक्टोबरला भोंग्यावरून फर्मान निघाले : उस्मानिया कॉलेजच्या मैदानावर जमा. शहर सोडायला मुदत दोन तासांची. दागिने, रोकड वाटेतच काढून घेतली गेली.

बहुतेक कुटुंबे पश्चिम किनाऱ्यावरील पुत्तलमला पोहोचली. सरकारी शिधा मागाहून आला. आधी धावले ते तिथले, स्वतःच गरीब असलेले मुसलमान. त्यांनी मशिदी, मदरसे, जमिनी खुल्या केल्या. मदिनेचे अन्सार आठवावेत असेच ते. पण अन्सारांची झोळीही (हे मान्य करायला हवे) कधीतरी रिकामी होते. पाणी, मजुरी, शाळेतल्या जागा यांवरून कुरबुरी सुरू झाल्या. झावळ्यांच्या झोपड्यांत एक अख्खी पिढी वाढली.

एप्रिल 2002 मध्ये 'लिट्टे'ने दिलगिरी व्यक्त केली. 2009 मध्ये युद्ध संपले, तेव्हा मदतीच्या कागदावर दोन रकाने पडले : एप्रिल 2008 नंतरचे विस्थापित 'नवे', त्यापूर्वीचे 'जुने'. अग्रक्रम नव्यांना. वन्नीतून आलेल्या त्या तमिळ कुटुंबांची दैना खरीच होती, त्यांच्या ताटातले कुणी मागत नव्हते. पण अठरा-एकोणीस वर्षे ताटकळलेल्याला 'जुना' म्हणून मागे सारणे, हा कुठला हिशेब? परतलेल्यांना मिळाल्या पडक्या भिंती आणि माजलेले रान. कित्येक घरांतले म्हातारे उत्तरेत गेले, मुले पुत्तलमलाच राहिली.