सौर प्रकल्पांतील वन्यजीव व्यवस्थापन : पदव्युत्तर संशोधन

जमिनीवर उभारलेल्या सौर विद्युत प्रकल्पांच्या आवारात, म्हणजे पॅनेलखाली, पॅनेलच्या रांगांमध्ये आणि कुंपणाच्या कडेला, धोक्यात आलेल्या प्राणी, पक्षी व वनस्पतींना कसे टिकू देता येईल, याचा अभ्यास करणारी परिस्थितिविज्ञानाची अलीकडची शाखा. तिच्यातले बरेचसे क्षेत्रकाम एम.एससी. आणि पीएच.डी. करणाऱ्या विद्यार्थ्यांनी केले आहे. ब्रिटन, अमेरिकेतील कॅलिफोर्निया व नेव्हाडा आणि ऑस्ट्रेलिया येथे हे काम पुढे गेले आहे. भारतात सौरऊर्जेचा विस्तार प्रचंड असला तरी या अंगाचा अभ्यास त्या मानाने फारच थोडा आहे.

सौर प्रकल्पाची जमीन साधारण पंचवीस ते चाळीस वर्षांसाठी बांधली जाते. तेवढ्या काळात तिथे नांगर चालत नाही, पिकांवरची औषधे फवारली जात नाहीत आणि माणसांची वर्दळही बेताची असते. दुसऱ्या बाजूला कुंपणाने जनावरांच्या वाटा तुटतात, पॅनेलच्या सावलीने जमिनीचा पोत बदलतो आणि उघड्या रानावर जगणारे पक्षी दूर सरकतात. गवताचे तर कंपनीला काही ना काही करावेच लागते. ते पॅनेलवर सावली पाडेल इतके वाढून चालत नाही आणि उन्हाळ्यात वाळून पेट घेईल असेही ठेवता येत नाही. म्हणजे गवत कापण्याचा खर्च ठरलेलाच आहे. ते केव्हा कापायचे, कशाने कापायचे आणि किती शिल्लक ठेवायचे, हे मात्र हातात असते. या शाखेतील निम्मे प्रश्न या गवताभोवतीच फिरतात.

परवानगीच्या वेळी सल्लागार येतात, पाहणी करतात, अहवाल देतात आणि बहुधा परत येत नाहीत. संशोधक विद्यार्थी मात्र त्याच जागी, त्याच पद्धतीने, हंगामामागून हंगाम मोजणी करतो. प्रकल्पाची जागा आणि तिच्या जवळची, तशाच मातीची, तशाच बांधांची पण पॅनेल नसलेली जागा अशी जोडी घेऊन तुलना करणे ही रूढ पद्धत. त्याहून भक्कम पद्धत म्हणजे बांधकामाच्या आधी आणि नंतर, दोन्ही वेळा मोजणे. पण विद्यार्थ्याला शिष्यवृत्ती मिळेपर्यंत कुंपण उभे राहिलेले असते, म्हणून असे अभ्यास दुर्मीळ आहेत. पीएच.डी.ची मुदत तीन-चार वर्षांची आणि प्रकल्पाचे आयुष्य त्याच्या दसपट, ही अडचण वेगळीच. पेरलेले कुरण दहाव्या वर्षी कसे दिसेल, हे कोणत्याही एका प्रबंधात सापडत नाही.

पॅनेलखाली नेमके काय घडते, याची पहिली बारकाईची मोजणी इंग्लंडमधील स्विंडनजवळच्या वेस्टमिल या लोकांच्या सामायिक मालकीच्या प्रकल्पात झाली. लँकेस्टर विद्यापीठाच्या अलोना आर्मस्ट्राँग आणि सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये ती प्रसिद्ध केली. त्यांनी जमिनीचे तीन भाग पाडले : पॅनेलखालची, दोन रांगांमधली आणि पॅनेलच्या पलीकडची मोकळी जमीन. उन्हाळ्यात पॅनेलखालची माती मोकळ्या जमिनीपेक्षा पाच अंशांपर्यंत थंड आढळली. तिथे वनस्पतींच्या जाती कमी होत्या आणि गवताची वाढही कमी होती. याचा अर्थ, वरून एकसारख्या दिसणाऱ्या प्रकल्पाच्या पोटात दोन-तीन वेगवेगळी हवामाने काही फुटांच्या अंतरावर नांदत असतात. सरडा, फुलपाखरू किंवा रानफूल यांच्या दृष्टीने ‘सौर प्रकल्प’ अशी एक जागा नसतेच. त्यामुळे सगळीकडे एकच बी पेरणाऱ्या आणि एकाच दिवशी यंत्र फिरवणाऱ्या व्यवस्थापनाला शास्त्रीय आधार उरत नाही.

लँकेस्टरमध्येच होली ब्लेडेस यांनी पीएच.डी.साठी परागीभवन करणारे कीटक हा विषय घेतला. इंग्लंड व वेल्समधील फुलांनी भरलेली सुमारे ९७ टक्के कुरणे १९३०च्या दशकापासून १९८४पर्यंत नाहीशी झाली होती, ही त्यामागची पार्श्वभूमी. ब्लेडेस व सहकाऱ्यांनी २०२२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संगणकीय प्रतिमानानुसार, कुरणासारख्या राखलेल्या सौर प्रकल्पात जमिनीत घरटी करणाऱ्या बंबलबी माश्या नुसत्या कापलेल्या हिरवळीच्या प्रकल्पापेक्षा चौपट राहू शकतात. मोठ्या, लांबट आकाराच्या आणि फुलांनी समृद्ध प्रकल्पाचा फायदा कुंपणाबाहेर एक किलोमीटरपर्यंतच्या शेतांनाही पोहोचू शकतो. हे आकडे प्रतिमानातले आहेत, जाळे घेऊन शेतात मोजलेले नव्हेत, हे उद्धृत करणारे अनेकदा विसरतात. प्रकल्पात पाळीव मधमाश्यांच्या पेट्या ठेवून छायाचित्रे काढण्याची टूम याच सुमारास आली. पाळीव मधमाशी काही धोक्यातली जात नाही, आणि त्याच फुलांसाठी ती रानमाश्यांशी स्पर्धा करते. संवर्धनाच्या खात्यात या पेट्या जमा धरू नयेत.

ब्रिस्टल विद्यापीठातील एलिझाबेथ टिन्सली यांच्या पीएच.डी.तील वटवाघळांचा अभ्यास हा या क्षेत्रातला प्रामाणिक अपेक्षाभंग म्हणावा लागेल. नैर्ऋत्य इंग्लंडमधील सौर प्रकल्प आणि त्यांच्याशी जुळणारी साधी शेते अशा १९ जोड्यांमध्ये त्यांनी रात्रभर ध्वनिमुद्रण यंत्रे ठेवली. वटवाघळांचे आवाज माणसाला ऐकू येत नाहीत, पण मुद्रणाच्या आलेखावरून जात किंवा गट ओळखता येतो. आठ जाती वा गटांपैकी सहांची हालचाल सौर प्रकल्पात कमी आढळली (२०२३). कारण पक्के झालेले नाही. वटवाघळे गुळगुळीत आडव्या पृष्ठभागाला पाणी समजतात आणि गुळगुळीत उभा पृष्ठभाग त्यांना मोकळी वाट वाटतो, हे जर्मन संशोधकांच्या प्रयोगांतून आधीच दिसले होते. पण पॅनेलमुळे कीटकच कमी झाले असण्याचीही शक्यता राहते. शेताच्या कडेची झाडे-झुडपे जपावीत आणि पॅनेल त्यांच्यापासून दूर ठेवावीत, हा सल्ला सध्या तरी शहाणपणाचा आहे.

कीटकांच्या बाबतीत हंगेरीतील गाबोर होर्वात यांच्या गटाने २०१० मध्ये दाखवले की पॅनेलवरून परावर्तित होणारा ध्रुवित प्रकाश पाण्याचा भास निर्माण करतो आणि मेफ्लायसारखे पाणकीटक तिथे अंडी घालायला येतात. पॅनेलच्या पृष्ठभागाला पांढऱ्या रेघांच्या चौकटी दिल्या की हे आकर्षण बरेच घटते. उपाय इतका सोपा असूनही तो वापरात फारसा आलेला नाही, कारण रेघांनी व्यापलेल्या जागेपुरती वीज कमी होते.

पक्ष्यांचे निष्कर्ष आशादायक, पण सरसकट नाहीत. केंब्रिज विद्यापीठ आणि आरएसपीबी या पक्षिसंरक्षण संस्थेच्या संशोधकांनी २०२५ मध्ये पूर्व इंग्लंडमधील सपाट, सघन शेतीच्या प्रदेशातील मोजणी प्रसिद्ध केली. विविध अधिवास राखलेल्या सौर प्रकल्पांत हेक्टरमागे पक्ष्यांची संख्या भोवतीच्या शेतांच्या जवळजवळ तिप्पट होती. कॉर्न बंटिंग, यलोहॅमर, लिनेट अशा संकटग्रस्त यादीतील जाती त्यांत होत्या. चंडोलाचे मात्र वेगळे आहे. त्याला घरट्यासाठी चहूकडे नजर पोहोचेल अशी मोकळी जमीन लागते. तो पॅनेलच्या रांगांमध्ये चारा टिपतो, घरटे मात्र सहसा करत नाही. त्यामुळे त्याच्यासाठी प्रकल्पाबाहेर वेगळी जमीन राखावी लागते.

धोक्यात आलेल्या एका प्राण्यासाठी प्रकल्पाची रचनाच बदलल्याचे सर्वांत चांगले उदाहरण कॅलिफोर्नियातील कॅरिझो मैदानाजवळचे आहे. सॅन वाकीन किट फॉक्स हा जेमतेम दोन-अडीच किलो वजनाचा, मोठ्या कानांचा, बिळात राहणारा प्राणी, आपल्या माळरानावरच्या खोकडाचाच भाऊबंद. अमेरिकेच्या संघीय यादीत तो १९६७ पासून संकटग्रस्त म्हणून नोंदला आहे. त्याच्या मुलखात ५५० मेगावॉटचा टोपाझ प्रकल्प २०११ ते २०१४ या काळात उभा राहिला. जमीन बहुतांशी पूर्वी शेतीखाली होती आणि आराखड्यात चांगले मूळ गवताळ भाग वगळण्यात आले.

लक्षात राहते ते तिथले कुंपण. जाळीचा खालचा काठ जमिनीपासून काही इंच वर उचललेला आहे. किट फॉक्स अंग चेपून त्याखालून आत-बाहेर करतो, पण त्याला मारणारा कायोटी एवढ्या फटीतून सहज येत नाही. त्यामुळे सुरक्षेसाठी बांधलेली जाळीच आडोसा बनली. आत कृत्रिम बिळे ठेवली, उंदीर मारण्याची विषे वर्ज्य केली, वाहनांचा वेग मर्यादित ठेवला आणि गवतासाठी मेंढ्या सोडल्या. कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटीच्या संकटग्रस्त जाती संशोधन कार्यक्रमातील ब्रायन सायफर व सहकाऱ्यांनी प्रकल्पातील आणि शेजारच्या नैसर्गिक जागेतील किट फॉक्सना रेडिओ कॉलर लावून काही वर्षे त्यांचा माग ठेवला. दोन्हीकडे जगण्याचे आणि पिले होण्याचे प्रमाण जवळपास सारखेच निघाले. यावरून सौर प्रकल्प किट फॉक्सला मानवतात असा सरळ निष्कर्ष काढणे चूक ठरेल. जागेची निवड, कुंपण, मेंढ्या आणि बदल्यात कायम राखलेली शेजारची जमीन या सगळ्यांचा तो एकत्रित परिणाम आहे.

उलट बाजूचा दाखला मोहावे वाळवंटातला. इव्हानपाह या ३९२ मेगावॉटच्या प्रकल्पात (येथे पॅनेल नसून आरसे आहेत) वाळवंटी कासवे आधीच्या अंदाजापेक्षा कितीतरी जास्त निघाली आणि २०११ मध्ये कामाचा काही भाग थांबवावा लागला. वर्षातला बहुतेक काळ बिळात काढणाऱ्या प्राण्याची एका हंगामाच्या पाहणीत गणती होत नाही, हे तिथे महागात पडून कळले. पुढे नेव्हाडातील जेमिनाय प्रकल्पात जमीन सपाट न करता झुडपे व माती शक्य तितकी जागेवर ठेवण्यात आली. तिथे थ्रीकॉर्नर मिल्कव्हेच ही दुर्मीळ वनस्पती बांधकामानंतरही मातीतल्या बियांतून पुन्हा उगवून आली.

ऑस्ट्रेलियात एरिक नॉर्डबर्ग आणि लिन श्वार्झकोफ यांनी वीजनिर्मिती आणि संवर्धन एकाच जमिनीवर आखण्याच्या कल्पनेला ‘कॉन्झर्व्होल्टाइक्स’ असे नाव दिले. न्यू साउथ वेल्समधील आर्मिडेल येथील न्यू इंग्लंड विद्यापीठ हे या कामाचे एक केंद्र आहे. मेंढ्यांच्या कुरणात उभ्या राहिलेल्या प्रकल्पांतील सरडे, पक्षी आणि छोटी वटवाघळे यांवर तिथे भर दिला जातो. पॅनेलच्या खांबांना बसण्याच्या जागा जोडणे, लाकडाचे ओंडके व दगडांचे ढीग ठेवणे असे स्वस्त उपाय त्यात तपासले जातात.

भारतात हेच निष्कर्ष जसेच्या तसे उचलणे धोक्याचे आहे. ब्रिटनमधील तिप्पट पक्षी हे औषधे मारलेल्या शेतांशी तुलना करून मिळालेले आहेत. आपल्याकडे प्रकल्प अनेकदा माळरानावर किंवा वाळवंटी गवताळ जमिनीवर येतात. सरकारी पडीक जमीन नकाशांत अशा जमिनीचा मोठा भाग ओसाड म्हणून दाखवला जातो, प्रत्यक्षात ती लांडगा, खोकड, चिंकारा, धाविक, तणमोर यांची राहती घरे आहेत. अशा ठिकाणी पॅनेलखाली कितीही चांगले गवत राखले तरी गमावलेले परत येत नाही. माळढोकाच्या बाबतीत तर पॅनेलपेक्षा वीज वाहून नेणाऱ्या तारा घातक आहेत. या जड पक्ष्याला समोरचे नीट दिसत नाही आणि उडताना तो तारांवर आदळतो. राजस्थान व गुजरातमधील त्याच्या अधिवासातील तारा जमिनीखाली नेण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२१ मध्ये दिला. मार्च २०२४ मध्ये तो सरसकट आदेश मागे घेऊन हा प्रश्न तज्ज्ञ समितीकडे सोपवण्यात आला. जोधपूरकडील भडला येथे २,२४५ मेगावॉटचे सौर उद्यान आहे. त्या भागात कुरण-व्यवस्थापनाच्या आधी तारांचा विचार करावा लागतो.

महाराष्ट्राची स्थिती आणखी निराळी आहे. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेत (२०१७, दुसरा टप्पा २०२३) वीज उपकेंद्रांजवळ काही मेगावॉटचे विखुरलेले प्रकल्प येतात. त्यांसाठी शासकीय आणि गायरान जमिनीही घेतल्या जातात. तारा आखूड, पण कुंपणे असंख्य, असे हे चित्र आहे. उचललेली जाळी खोकडाला आणि सशाला चालेल. लांडग्याला ती उपयोगाची नाही, त्याला दोन प्रकल्पांमध्ये मोकळा पट्टा हवा. पुणे, सोलापूर, सातारा भागांतील धनगरांच्या मेंढ्या गवत राखायला योग्य ठरतील, शेळ्या मात्र नकोत : त्या पॅनेलवर चढतात आणि केबल कुरतडतात. पण मेंढपाळांना आत घ्यायचे तर ज्या गायरानावर ते पिढ्यान्‌पिढ्या चारत आले त्याच गायरानाभोवती आता कुलूप आहे, ही गोष्ट कराराच्या पहिल्या ओळीत यावी लागेल.

नान्नजचे माळढोक अभयारण्य १९७९ मध्ये झाले, तेव्हापासून सोलापूरच्या माळांवर पक्ष्यांच्या नोंदी होत आल्या आहेत. देहरादूनची भारतीय वन्यजीव संस्था, बंगळुरूचे राष्ट्रीय जैवविज्ञान केंद्र (एनसीबीएस) आणि पुण्याची भारती विद्यापीठाची पर्यावरण संस्था येथे पदव्युत्तर विद्यार्थी प्रबंधासाठी विषय शोधतात. जिथे प्रकल्प मंजूर झाला आहे पण जाळी अजून लागलेली नाही अशा गायरानावर एक पावसाळा आणि एक हिवाळा केलेली साधी मोजणी एम.एससी.च्या प्रबंधात सहज बसते, आणि कुंपण लागल्यावर ती कोणालाच करता येत नाही.