नान-खलिया म्हणजे काय? तंदूर नसताना घरी कसा करायचा?

छत्रपती संभाजीनगरची खास ओळख असलेला नान-खलिया म्हणजे तंदुरात भाजलेला नान आणि मटणाचा पातळ, मसालेदार रस्सा. १३२७ मध्ये मुहम्मद बिन तुघलकाने राजधानी दिल्लीहून दौलताबादला हलवली, तेव्हा सैन्यासोबत हा पदार्थ इथे आला, असं सांगितलं जातं. एका मोठ्या भांड्यात रस्सा आणि सोबत नान, एवढ्यात अनेकांचं जेवण होतं.

घाईच्या दिवशी घरीही हीच सोय कामी येते. दही घालून नानचं पीठ आदल्या रात्री मळून फ्रिजमध्ये ठेवा. मटण कुकरमध्ये शिजेपर्यंत नान लाटा. नानच्या एका बाजूला पाणी लावून तो तापलेल्या लोखंडी तव्यावर चिकटवा आणि तवा आचेवर उलटा धरा. नॉनस्टिक तवा मात्र नको. त्यावरून नान सुटून पडतो.