तळटीप : मॅटपॉवर

* अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात रे झिमरमन व सहकाऱ्यांनी १९९०च्या दशकात घडवलेली मुक्तस्रोत आज्ञावली. वीजजालातील प्रत्येक 'बस'वर (उपकेंद्रात वाहिन्या जिथे येऊन मिळतात तो बिंदू) व्होल्टेज किती आणि कोणत्या वाहिनीतून किती वीज वाहील, हे ती काढते. मागणी सर्वांत कमी खर्चात भागवणारी निर्मितीही सुचवते. गंमत अशी, की ही फुकटची आज्ञावली मुळात मॅटलॅब या विकतच्या प्रणालीसाठी लिहिलेली; पैसे न मोजता ती ऑक्टेव्ह या मुक्त प्रणालीवर चालवता येते. आमच्या मते तिची मोठी देणगी म्हणजे बस, जनित्रे व वाहिन्यांचे साधे तक्ते. त्यांमुळे एकाचे गणित दुसऱ्याला पडताळता येऊ लागले. तिच्यातील ११८ बसचे नमुनाजाल अमेरिकेच्या मध्य-पश्चिम भागातल्या १९६२च्या खऱ्या जालावरून घेतले आहे. पवनचक्क्या त्यात शोधू नयेत.