ग्वाल्हेरच्या हवेत काठीचे लाकूड कसे वाळवावे

आधाराची काठी घरी करायची म्हटले की मंडळी आधी मुठीवरच्या नक्षीचा विचार करतात. आमच्या अनुभवाने नक्षी हे शेवटचे आणि त्यातल्या त्यात सोपे काम आहे. खरे काम लाकूड वाळवण्याचे. ते चुकले तर काठी दिसायला सुबक होते, पण आतून चिरलेली असते आणि नेमकी जिन्यावर दगा देते.

हे आम्ही चुकूनच शिकलो. सेवानिवृत्तीनंतर पहिली काठी केली ती अंगणातल्या पेरूच्या फांदीची, घरातल्या काकांसाठी. फांदी वैशाखात तोडली आणि लवकर वाळावी म्हणून गच्चीवर टाकली. आठ दिवसांत खडखडीत वाळली. एक बारीक चीर दिसत होती, ती आम्ही लाखेने बुजवली. दोन महिन्यांनी पायरी उतरताना काठी त्याच जागी मोडली. काकांचा हात कठड्यावर होता म्हणून निभावले. या लेखातले नियम त्या दिवसापासूनचे आहेत.

आपली अडचण वेगळी का

आपल्या घराण्यांपैकी अनेकांचे मूळ कोकणात किंवा देशावर. १८१० च्या सुमारास दौलतराव शिंद्यांची छावणी येथे पडली, तिचेच पुढे 'लष्कर' झाले. त्यानंतर पिढ्यान्‌पिढ्या आपण इथलेच झालो, तरी घरातले काही सल्ले जुन्या मुलखाचे राहिले. 'लाकूड उन्हात टाका, दमट राहू देऊ नका' हा आमच्या घरचा सल्ला तसाच. दमट हवेत बुरशीची भीती असते, तिथे तो ठीक आहे. इथे मे-जूनमध्ये पारा ४५ अंशांपुढे जातो आणि दिवसभर लू चालते. इथे लाकूड वाळत नाही ही तक्रार नसते, ते फार लवकर वाळते ही असते. म्हणून ग्वाल्हेरला लाकूड वाळवणे म्हणजे त्याचे वाळणे लांबवणे.

कारण असे. ओल्या लाकडातले पाणी पेशींच्या पोकळीत आणि पेशींच्या भिंतींत असते. पोकळीतले पाणी गेल्याने लाकूड आकसत नाही. कोरड्या लाकडाच्या वजनाच्या सुमारे ३० टक्के इतकेच पाणी उरले की भिंतींतले पाणी जाऊ लागते आणि आकसणे सुरू होते. हे आकसणे गाभ्याच्या दिशेने जितके, त्याच्या साधारण दुप्पट परिघाच्या दिशेने होते. त्यामुळे अख्ख्या गोल फांदीवर मुळातच ताण येतो. त्यात लूने बाहेरचा थर आधी आकसला आणि आतला ओलाच राहिला, तर चीर पडणारच.

कोणते लाकूड घ्यावे

अमेरिकेत काठ्यांसाठी सुमॅक नावाच्या झुडपाचे लाकूड हौसेने वापरतात. हिरवट पिवळ्या रंगामुळे ते दिसते छान, पण त्याचा गाभा मऊ असतो. आपल्याकडे त्याच कुळातली ओळखीची झाडे म्हणजे आंबा, काजू आणि बिब्बा. बिब्ब्याचे लाकूड काठीसाठी मुळीच घेऊ नये, त्याच्या चिकाने अंगावर फोड उठतात. कण्हेरही विषारी म्हणून टाळावी.

आमची पसंती पुढीलप्रमाणे:

पेरू – चिवट, घट्ट आणि अंगणात मिळणारा. छाटणीच्या फांद्या उपयोगी पडतात.

शिसम – जड, टिकाऊ, नक्षीला उत्तम. लाकडाच्या टालीवर सरळ रेषांचा तुकडा निवडून घ्यावा.

भरीव बांबू – लाठीचा बांबू तो हाच. वजनाला हलका आणि मजबूत. गुढीसाठी आणलेली पोकळ काठी मात्र आधाराला वापरू नये.

करधई हे ग्वाल्हेर-शिवपुरीच्या टेकड्यांवरचे खास झाड, लाकूड अतिशय कठीण. पण जंगलातून एक फांदीही तोडू नये. शिवपुरीचे माधव राष्ट्रीय उद्यान २०२५ पासून व्याघ्र प्रकल्पही आहे. सहलीला जाऊन 'एक काठी आणली' हा गुन्हा ठरतो.

तोडणी आणि पहिले दोन तास

फांदी पौष-माघात, म्हणजे थंडीत तोडावी. तयार काठी २२ ते २५ मिलिमीटर जाड हवी, म्हणून ओली फांदी ३० ते ३५ मिलिमीटरची घ्यावी. लांबी दोन्ही टोकांना १० ते १५ सेंटिमीटर जास्त ठेवावी, कारण टोके थोडी चिरतातच आणि तेवढा भाग कापून टाकायचा असतो.

लाकडातले पाणी बाजूंपेक्षा टोकांतून कितीतरी वेगाने बाहेर पडते. म्हणून तोडल्यावर दोन तासांच्या आत दोन्ही टोके आणि डहाळ्या छाटलेल्या जागा वितळलेल्या मेणाने किंवा ऑइल पेंटच्या दोन हातांनी बंद कराव्यात. हे काम उद्यावर टाकू नये. साल काढू नये, आपल्या हवेत ती पांघरुणाचे काम करते. फांदी थोडी वाकडी असेल तर ओली असतानाच सरळ फळीला सुतळीने चार-पाच जागी बांधून ठेवावी.

वर्षाचे वेळापत्रक

माघ-फाल्गुन: आतल्या खोलीत, जमिनीपासून वर, दोन पट्ट्यांवर आडवी ठेवावी. भिंतीला टेकवून उभी ठेवली तर वाकते.

चैत्र ते ज्येष्ठ: हाच धोक्याचा काळ. वर्तमानपत्राचे चार-पाच थर गुंडाळून घरातल्या सर्वांत थंड खोलीत ठेवावी. गच्ची आणि पत्र्याची शेड वर्ज्य. कूलरच्या झोतातही नको. रात्री ओली हवा, दुपारी लू, अशा ओढाताणीत लाकूड हमखास चिरते.

आषाढ ते भाद्रपद: कागद काढून टाकावा, हवा खेळू द्यावी. बुरशी दिसल्यास कोरड्या फडक्याने पुसावी. सालीखाली पिठासारखा भुसा दिसला तर कीड लागली आहे. ती काठी बाकीच्यांपासून लगेच वेगळी करावी.

आश्विन-कार्तिक: सर्वांत चांगला हंगाम. आता साल काढावी आणि काठी सावलीत उघडी ठेवावी.

एक इंच जाडीला एक वर्ष हा जुना ठोकताळा आपल्या काठीला बरोबर लागू पडतो.

वजनाचे पासबुक

काठी वाळली की नाही हे हाताने कळत नाही. स्वयंपाकघरातला वजनकाटा घ्यावा आणि दर पंधरा दिवसांनी वजन तारखेसह वहीत लिहावे. आयुष्य खातेवह्यांत गेल्याने आम्हाला यात विशेष गोडी वाटते! समजा पौषात ९०० ग्रॅम होते आणि पुढे ६०० वर स्थिरावले, तर ३०० ग्रॅम पाणी गेले. पावसाळ्यात वजन थोडे वाढते, कारण कोरडे लाकूड हवेतला ओलावा परत घेते. तेव्हा घाबरू नये आणि श्रावणात स्थिर दिसलेल्या वजनावर विश्वासही ठेवू नये. दिवाळीनंतर लागोपाठ तीन नोंदी सारख्या आल्या, म्हणजे लाकूड तयार.

बांबूची रीत निराळी

बांबू तीन-चार वर्षांचा, जून झालेला घ्यावा. कोवळा आकसतो आणि सुरकुततो. बांबूत पिष्ट असते आणि भुंगेरे त्यावरच येतात. म्हणून दोन-तीन आठवडे पाण्यात पूर्ण बुडवून ठेवावा, पाणी दर दोन दिवसांनी बदलावे. नंतर १० लिटर पाण्यात ३०० ग्रॅम बोरॅक्स व २०० ग्रॅम बोरिक ॲसिड मिसळून त्यात आठवडाभर ठेवावा. हातमोजे घालावेत, मुले आणि जनावरे दूर ठेवावीत. मग सावलीत उभा वाळवावा. वाकडा असेल तर मंद आचेवर फिरवत गरम करून सरळ करता येतो.

कोरण्याआधीची परीक्षा आणि शेवटचा हात

कोरायला बसण्याआधी काठी उजेडात फिरवून पाहावी, विशेषतः गाठींच्या आसपास. फरशीवर आपटल्यास खणखणीत आवाज यावा. बद्द आवाज म्हणजे आत चीर. नंतर स्वतःचा भार हळूहळू देऊन पाहावे. चीर सापडली तर लाख किंवा फेव्हिकॉलने बुजवू नये, ती काठी रोपांना आधार म्हणून बागेत द्यावी. नक्षी मुठीजवळच्या भागातच आणि उथळ ठेवावी. खालच्या भागात खाच नको.

आपल्या भागात सरसूचे तेल मुबलक, लाठीला तेच पाजतात. पण ते सुकून घट्ट होत नाही, मूठ चिकट राहते. जवसाचे तेल पातळ हाताने तीन वेळा, दर वेळी दोन-तीन दिवसांच्या अंतराने लावावे. तेलाचे फडके चुरगाळून टाकू नये. उन्हाळ्यात ते आपोआप पेटू शकते. पाण्यात भिजवून किंवा पसरून वाळवूनच टाकावे.

शेवटी माप. रोजची पादत्राणे घालून सरळ उभे राहावे, हात सैल सोडावेत. मनगटाच्या घडीपर्यंत काठीची उंची असावी. खाली रबरी बूट बसवावा. नुसती लोखंडी शेंबी फरशीवर घसरते. काठी दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात धरावी. ऑस्ट्रेलियासारख्या देशात मुलांकडे जाताना लाकडी काठी विमानतळावर जाहीर करावी लागते, म्हणून तिच्यावर साल ठेवू नये.

पौषात तोडलेली फांदी पुढच्या पौषात हातात येते. वर्ष मोठे वाटते, पण ज्यांच्यासाठी काठी करतो त्यांचा सगळा भार तिच्यावर असतो. यंदा घरच्या पेरूची छाटणी होईल तेव्हा एक सरळ फांदी बाजूला काढावी आणि त्याच संध्याकाळी तिच्या टोकांना मेण लावावे.