दरबा

दरबा : अरबी भाषेतील अत्यंत रुळलेले क्रियापद. धातू द-र-ब, मूळ अर्थ ‘मारणे, प्रहार करणे’. यातला ‘द’ साधा नाही, जिभेचा मागचा भाग घशाकडे ओढून तो जडपणे उच्चारतात. फारसीत त्याचा ‘ज’ झाला, आणि त्याच वाटेने ‘जरब बसणे’मधली जरब मराठीत आली.

‘दरबा’ म्हणजे ‘त्याने मारले’. अरबीत क्रियापदाची ओळख याच भूतकाळी रूपाने होते. ‘दरब्तु’ मी मारले. ‘दरब्ता’ तू मारलेस, समोर पुरुष असेल तर. स्त्री असेल तर ‘दरब्ती’. वर्तमानकाळी रूप ‘यद्रिबु’. दरबा-यद्रिबु ही जोडी इतकी नमुनेदार मानली गेली, की तशी चालणाऱ्या क्रियापदांच्या गणालाच तिचे नाव मिळाले. आठव्या शतकातील वैयाकरण सीबवैह उदाहरणांसाठी हेच क्रियापद वापरतो. पाठशाळांत पिढ्यान्‌पिढ्या घोकले गेलेले वाक्य ‘दरबा झैदुन अम्रन’, म्हणजे झैदने अम्रला मारले. ‘दरबा अम्रन झैदुन’ म्हटले तरी मारणारा झैदच. कर्ता ‘उन’वरून आणि कर्म ‘अन’वरून कळते, जागेवरून नव्हे.

शिकणाऱ्याची खरी परीक्षा अर्थात आहे. मराठीत हाक मारतात, उडी मारतात, गप्पाही मारतात. दरबाचेही तसेच आहे. ‘दरबा मसलन’ म्हणजे दृष्टान्त दिला. कुराणात हा प्रयोग वारंवार येतो. ‘दरबा खैमतन’ म्हणजे तंबू ठोकला. ‘दरबा मौइदन’ म्हणजे भेटीची वेळ ठरवली. गणितात ‘पाच दरबा सहामध्ये’ अशा रचनेने गुणाकार होतो. ‘मध्ये’साठी ‘फी’ हे अव्यय. तेच ‘फी’ ‘अर्द’ म्हणजे भूमी या शब्दाआधी आले, की ‘दरबा फिल-अर्द’चा अर्थ प्रवासाला निघणे असा होतो. म्हणून ‘दरबा = मारणे’ एवढेच पाठ करणे घातक; सोबतचे कर्म आणि अव्यय धरूनच हे क्रियापद शिकावे. नाणे पाडणे हाही याचाच अर्थ. मुघल नाण्यांवर टांकसाळीच्या नावाआधी ‘जर्ब’ असते. मराठ्यांच्या टांकसाळींत बादशहाच्या नावाने पाडलेल्या रुपयांच्या फारसी लेखातही हा शब्द येतो.

साधित रूपांत अर्थ आणखी दूर जातो. ‘अदरबा’ला ‘अन’ हे अव्यय जोडले, की अर्थ होतो सोडून देणे. त्यावरून ‘इद्राब’ म्हणजे संप, आणि ‘अन्नाचा इद्राब’ म्हणजे उपोषण. ‘इद्तिराब’ म्हणजे खळबळ, अस्वस्थता. ‘दरीबा’ म्हणजे कर. एकाचे भांडवल, दुसऱ्याचे श्रम आणि नफ्यात ठरलेला वाटा, अशा व्यापारी कराराला ‘मुदारबा’ म्हणतात. हे नाव ‘दरबा फिल-अर्द’वरून पडले, असे फिक्हचे, म्हणजे इस्लामी कायदेशास्त्राचे, जुने पंडित सांगतात, कारण दुसऱ्याचे भांडवल घेतलेला व्यापारी माल विकायला मुलूख पालथा घालत असे. आजच्या इस्लामी बँकव्यवहारातही हा करार याच नावाने होतो.