लक्ष्मीबाई टिळकांचा घरांतील एकांत

रेव्हरंड नारायण वामन टिळक यांनीं १९१७ सालीं साताऱ्यास 'देवाचा दरबार' स्थापिला. बाप्तिस्मा घेतलेले व न घेतलेले, दोघांसही त्यांत स्थान होतें. या औदार्याचें एक मूळ त्यांच्याच घरांत सांपडतें, असें आमचें मत आहे.

टिळकांनीं १८९५ सालीं मुंबईस ख्रिस्ती धर्म स्वीकारिला. पत्नी लक्ष्मीबाई हिंदुच राहिल्या. दीर्घ ताटातुटीनंतर त्या पतीजवळ आल्या, परंतु सोवळें सुटलें नव्हतें. ख्रिस्ती माणसांच्या हातचें अन्नपाणी त्यांस वर्ज्य. सबब भरल्या घरांतही त्या एकट्याच. पुढें जातिभेद ईश्वरकृत नसून मनुष्यकृत आहे अशी त्यांची खात्री पटली, आणि कोणाच्याही हातचें घेण्याचा त्यांनीं निश्चय केला. बाप्तिस्मा त्यानंतरचा, १९०० सालचा. म्हणजे श्रद्धेनें प्रथम पंक्तिभेद मोडला. विधि मागाहून झाला.

चर्चच्या नोंदवहींत बाप्तिस्म्याची तारीख मिळते. एकांत कसा सरला, हें मात्र १९३४ पासून प्रसिद्ध झालेल्या 'स्मृतिचित्रां'वरूनच कळतें. यास्तव सातारा-सांगलीकडील दप्तरें चाळतांना सनदा व महजर यांबरोबर बायकांचीं पत्रें आणि टिपणेंही संग्राहकांनीं राखावीं. रद्दींत टाकूं नयेत.