भांडुपच्या भिंतीवरची काळी वायर

परवा भांडुपला काकांच्या घरी गेलो होतो. बाहेरून रंग द्यायचा म्हणून परांची बांधलेली. रंगारी वरून ओरडला, "ही काळी वायर कापू का?" दादा 'काप' म्हणणार, तेवढ्यात काकू आतून म्हणाल्या, "थांब रे बाबा, फोनची आहे ती!"

फोन बंद होऊन कैक वर्षं झाली. डबडं माळ्यावर आहे. काकाही आता नाहीत. पण वायर खांबावरून गॅलरीत येते, खिळ्याला दोन वेढे घेते आणि खिडकीच्या चौकटीतून आत जाते. अशा मुक्या वायरी भांडुपमध्ये जुन्या घरांच्या भिंतींवर किती आहेत, एकदा मान वर करून बघा.

या वायरीचा इतिहास मोठा आहे. मुंबईत टेलिफोन एक्स्चेंज सुरू झालं 1882 मध्ये. तेव्हा ते खासगी कंपनीचं होतं, सरकारने ताब्यात घेतलं 1943 मध्ये. पुढे 1 एप्रिल 1986 ला मुंबई आणि दिल्लीसाठी एमटीएनएल झाली. (भांडुपचा आणि दळणवळणाचा संबंध त्याहून जुना आहे. मुंबई-ठाणे रेल्वेची कल्पना मुंबई सरकारचे इंजिनिअर जॉर्ज क्लार्क यांना 1843 मध्ये भांडुपच्या भेटीतच सुचली, अशी नोंद आहे. ते एक असो.)

आजच्या पोरांना सांगून पटत नाही, पण फोनसाठी नंबर लावून वर्षानुवर्षं थांबावं लागायचं. मोठी रक्कम आधी भरली की 'ओवायटी'च्या, म्हणजे 'ओन युवर टेलिफोन'च्या वेगळ्या रांगेत जागा मिळे. खासदारांच्या शिफारशीचा कोटाही होता. कारखान्यात पाळी करणाऱ्या माणसाच्या घरी फोन येणं म्हणजे काय, ते आम्ही पाहिलंय. काकांकडे फोन आला त्या दिवशी पेढे वाटले होते. मग तो एकट्या घराचा राहिलाच नाही. शेजारच्या चार घरांच्या लग्नपत्रिकांवर तो नंबर छापला जायचा, पुढे कंसात 'पी.पी.'. गावाकडून कुणी आजारी असल्याचा निरोप रात्री यायचा आणि काकू चप्पल न घालता शेजारी सांगायला धावायच्या. नंबर होता सात आकडी, पाचने सुरू होणारा. 2002 मध्ये त्याच्या आधी 2 लागला.

हे सगळं मोबाइलने संपवलं, असं आपण म्हणतो. अर्धं खरं आहे. उरलेलं अर्धं हिशेबाच्या वहीत आहे. 2010 मध्ये थ्रीजी आणि ब्रॉडबँडच्या लहरींसाठी एमटीएनएलला सुमारे 11 हजार कोटी भरावे लागले. तिने लिलावात बोली लावलीच नव्हती. खासगी कंपन्यांच्या बोलीत जो भाव निघाला तो तिला लागू झाला, आणि पैसे कर्जाने उभे केले. फक्त दोन शहरांत धंदा असलेल्या कंपनीला ते ओझं पेलणं शक्यच नव्हतं. कर्ज पुढे 30 हजार कोटींच्या पार गेलं. जानेवारी 2020 च्या अखेरीस 14 हजारांहून अधिक कर्मचारी एकदम स्वेच्छानिवृत्ती घेऊन बाहेर पडले. त्यांत लाइनमन होते, जॉइंटर होते. कुठली जोडी कुठल्या डीपीतून कुणाच्या घरी जाते, हे ज्यांना नकाशाशिवाय ठाऊक होतं ती माणसं एका झटक्यात गेली. 1 जानेवारी 2025 पासून एमटीएनएलचा कारभार बीएसएनएल पाहते. माझं मत विचाराल तर लँडलाइन म्हातारी झाली होती हे कबूल, पण ही कंपनी नुसत्या म्हातारपणाने गेली नाही.

असो. वायरीचं काय करायचं?

रंगाऱ्याला सांगितलं, कापू नकोस, खिळा काढून बाजूला धर. लाइन जिवंत असेल तर तिच्यात एक्स्चेंजच्या बॅटरीचे 48 व्होल्ट असतात. म्हणूनच घरची वीज गेली तरी फोन चालायचा. घंटी वाजताना दाब त्याहून बराच जास्त असतो आणि ओल्या हाताला चांगला झटका बसतो. मग माळ्यावरचं डबडं उतरवून लावून पाहिलं. टोन नाही. काकू जवळ येऊन रिसीव्हर कानाला लावून उभ्या राहिल्या, जरा जास्तच वेळ.

मग काकांची ट्रंक उघडली. बिलांच्या गठ्ठ्यात खाली अनामत रकमेची पावती सापडली. फोन आमच्याकडूनच कधी रीतसर परत केलेला नव्हता, नुसता वापरणं सोडलं होतं. म्हणजे कागदोपत्री तो अजून काकांच्या नावावरच असणार. दादाने अर्ज लिहायला घेतला: वारस म्हणून कनेक्शन बंद करण्याबाबत व अनामत परत मिळण्याबाबत. सोबत मृत्यूचा दाखला, शेवटचं बिल आणि पावतीची झेरॉक्स. मूळ पावती देऊ नकोस, एवढं मी त्याला दोनदा बजावलं.

तुमच्याही घरी अशी वायर असेल तर कापण्याआधी ट्रंक बघा. आणि एक, काकूंच्या गॅसच्या पुस्तकावर अजून तोच नंबर आहे. तो उद्या बदलायचाय.